परसातला दुय्यम निवास

२ फेब्रुवारी

निवृत्तीनंतर बंद पडलेली ही वही आज पुन्हा उघडतो आहे. काम असलं की नोंद ठेवायची, ही मोजणी खात्यातली सवय. पाच वर्षांत नोंदवण्याजोगं काम आलं नव्हतं. आज आलं.

सकाळी चहा झाल्यावर ही म्हणाली, "अहो, आपल्या परसात एक छोटं घर बांधता येईल का? नियमात बसतं का, बघता?"

लग्नाला अडतीस वर्षं होत आली. जमिनीबद्दल हिने मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी लगेच नकाशा काढला. आपली जागा साठ फूट रुंद, एकशेदहा फूट खोल. पुढे घर, मागे पन्नास फूट मोकळं. त्यात एक लिंबाचं झाड आणि कपड्यांची दोरी. दोघांच्या नावावर आहे, भानगड काही नाही.

घर कोणासाठी, हे विचारलं नाही. उघडच आहे. लेक, जावई आणि दोन नातवंडं सुटीत येतात तेव्हा पुढच्या खोलीत दाटी होते. आईच्या जिवाला ते लागणारच.

५ फेब्रुवारी

नगरपालिकेत जाऊन आलो. बांधता येतं! गेल्या वर्षीच नवा नियम झाला आहे. त्यात दोन प्रकार. पहिला प्रकार जोडखोली : झोपायची जागा, न्हाणी, बस. तिला साधा अर्ज पुरतो. दुसरा प्रकार दुय्यम निवास. खोलीत स्वयंपाकाचा ओटा आला की नियमाच्या भाषेत ते घर होतं आणि सगळं वाढतं. चारशे चौरस फुटांची मर्यादा, हद्दीपासून दहा फूट अंतर, शेजाऱ्यांना नोटीस, हरकतींसाठी पंधरा दिवस. शिवाय दोन्हींपैकी एका घरात मालकाने स्वतः राहायचं. आणि इतका सगळा फरक एका ओट्यामुळे.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "ओट्याच्या नादी लागू नका, काका. ओटा आला की फाइल जाड होते."

मी त्यांना सांगितलं की मी स्वतः चौतीस वर्षं जाड फाइली हाताळल्या आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला माहीतच आहे." मागे रांग होती म्हणून बोलणं तिथेच थांबवलं.

६ फेब्रुवारी

हिला दोन्ही प्रकार समजावून सांगितले. कागदावर तक्ताही करून दिला. जोडखोली महिनाभरात पदरात पडेल, हेही सांगितलं.

"ओटा हवा," ही म्हणाली.

"अगं, लेक आली तरी जेवायला इकडेच असणार ना?"

"जो राहील त्याला आपला चहा आपल्या हाताने करता आला पाहिजे."

"चहा काय, मीसुद्धा करून नेऊन देईन."

"द्याल हो. आणि किती मिनिटं उकळला तेही सांगाल."

थट्टेच्या रंगात होती. एकंदरीत निवृत्ती हिला मानवलेली दिसते. मी ओटा मान्य केला. फाइल जाड होईल, पण वेळ आहे.

११ फेब्रुवारी

विशेष काही नाही. हिची निवृत्ती होऊन आता आठ महिने झाले. एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. आता कुठे उसंत मिळाली आहे. माझंही बरं झालं. चार-साडेचार वर्षं दिवसभर एकटा होतो. पेपरात काही वाचलं तर संध्याकाळपर्यंत मनात धरून ठेवावं लागायचं. आता वाचल्याबरोबर सांगता येतं. आज ही भाजी निवडत होती तेव्हा तिला एका धरणाच्या वादाची हकिकत सुरुवातीपासून सांगितली. मध्ये एकदा ती न्हाणीत गेली. मी दाराबाहेरून पुरी केली.

स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावण्याचं काम संपलं.

१९ फेब्रुवारी

आराखडा काढणारी मुलगी येऊन गेली. हुशार आहे. तिने पहिलाच प्रश्न केला, "राहणार कोण?"

मी म्हणालो, "आमची लेक." त्याच क्षणी ही म्हणाली, "ओटा बत्तीस इंचांवर ठेव हं."

मी दुरुस्ती सुचवली. लेक पाच फूट सात इंच आहे, बत्तीस इंचांवर वाकून तिची पाठ दुखेल. छत्तीस हवा. ही म्हणाली, "बत्तीसच." त्या मुलीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बत्तीस लिहिलं. तांत्रिक माणसाने असं लगेच नमतं घेऊ नये.

दाराचंही तसंच. मी म्हणालो, आपल्या मागच्या दारासमोर दार ठेवू, म्हणजे इथून तिथे बसल्या बसल्या बोलता येईल. हिने ते पार पलीकडच्या बाजूला नेलं, झाडाकडे. मग मी आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने निदान एक खिडकी सुचवली.

"काका," ती मुलगी म्हणाली, "एका बाजूला तरी भिंत राहू द्या."

हिला हसू आलं. मलाही आलं, पण भिंतीच्या बाजूने प्रकाश मिळणार नाही हे मी नोंदवून ठेवतो.

३ मार्च

आज स्वतः आखणी केली. खुंट्या, सुतळी, चुन्याची फक्की. वीस बाय वीस. दोन्ही कर्ण मोजले, पाव इंचाचाही फरक नाही. दाराच्या जागी तीन फूट मोकळे सोडले. बऱ्याच वर्षांनी हाताला चुना लागला, छान वाटलं.

ही चपला काढून आत जाऊन उभी राहिली. मातीतच होती, चपला कशाला काढायच्या? बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "केवढं मोठं आहे."

नोकरीत मी शेकडो लोकांना अशी आखणी दाखवली. सगळे एकच म्हणतात : एवढंसंच? भिंती नसल्या की जागा लहान दिसते, हा नियमच आहे. मोठं म्हणणारं माणूस आजच भेटलं.

१० मार्च

अर्ज भरला. चौदा पानं. सातव्या रकान्यात प्रत्येक मालकाने आपण कुठल्या घरात राहणार ते लिहायचं असतं : मुख्य की दुय्यम. माझ्यापुढे मी 'मुख्य' लिहिलं. ही म्हणाली, "माझं मी लिहिते," आणि माझी आंघोळ होईपर्यंत तिने लिहून सहीसुद्धा करून ठेवली.

बरं झालं मी तपासलं. स्वतःपुढे 'दुय्यम' लिहिलं होतं! अर्ज कशासाठी आहे असं विचारलंय, असा समज झाला असणार. प्रयोगशाळेत इतकी वर्षं अहवाल लिहिले तरी अशा चुका होतात. मी एक सरळ रेघ मारून वर 'मुख्य' लिहिलं आणि बाजूला माझी आद्याक्षरं टाकली. खात्यात खोडलेलं नेहमी असंच करायचं. तिला सांगितलं नाही; उगाच ओशाळली असती.

दुपारी अर्ज दिला. पोच घेतली.

२४ मार्च

शेजारच्या औषधवाल्यांनी हरकत घेतली. त्यांचं दुकान आता मुलगा चालवतो आणि हे दिवसभर अंगणात बसून असतात. लेखी म्हणणं : "सदर घरात भाडेकरू आणून गोंगाट होण्याची दाट शक्यता आहे." मी तीन पानी उत्तर लिहायला घेतलं आहे, नकाशासह.

२९ मार्च

हरकत मागे घेतली! माझं उत्तर कालच त्यांच्या पेटीत टाकलं होतं. आज कुंपणाशी भेटले तेव्हा मी विचारलं, "वाचलंत का?"

"कसलं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "अहो मोजणीसाहेब, परवा वहिनी बोलल्या ना माझ्याशी. त्या तिथे असतील तर माझी काय हरकत असणार? उलट बरं. शांत माणूस."

म्हणजे हिचं लक्ष राहील, असा भरवसा. बाईमाणसाच्या शब्दाला असं वजन असतं. तरी कागदावर उत्तर होतं म्हणून त्या शब्दाला बळ आलं, असं मला वाटतं.

जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. औषधवाले तसे अंगचटीला येणारे नाहीत.

८ एप्रिल

फाइल परत आली. शेरा : "रकाना ७ मध्ये सहमालकाच्या नोंदीत खाडाखोड, त्यावर सहमालकाची सही नाही. तीस दिवसांत पूर्तता न झाल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल."

चूक माझी. दुसऱ्याच्या नोंदीवर माझी आद्याक्षरं चालत नाहीत, हे मी कनिष्ठांना आयुष्यभर शिकवलं. संध्याकाळी पान उघडून हिच्यापुढे ठेवलं आणि बोट ठेवून सांगितलं, "इथे फक्त सही कर."

तिने चष्मा लावला. वाचलं.

"हे कोणी खोडलं?"

"मी. तू दुय्यम लिहिलं होतंस."

"हो. बरोबरच होतं ते."

"अगं, कुठे राहणार ते विचारलंय त्यात."

"वाचलं होतं मी," ही म्हणाली. "मी तिथे राहणार आहे."

मी विचारलं, लेक आल्यावर तिच्या मदतीला का? नाही. काही दिवस का? नाही. मग मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही इथे. तुमच्या रकान्यात तुम्हीच लिहिलंय."

मग ती उठून पोळ्या करायला गेली. जेवण नेहमीच्या वेळी झालं.

९ एप्रिल

मागची पानं चाळली. लेकीसाठी घर, असं हिने कुठेही म्हटलेलं नाही. मी म्हटलेलं आहे. पाच ठिकाणी.

१० एप्रिल

काही नाही.

१२ एप्रिल

लेकीशी फोनवर बोललो. मीच केला होता. विचारलं, तुला माहीत होतं?

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"आई निवृत्त झाली त्याच्या पुढच्या महिन्यापासून. मी म्हटलं होतं तिला, सरळ सांगून टाक."

"मग का नाही सांगितलं?"

"बाबा, ती म्हणते ती सांगायला लागली की तुम्ही वाक्य पुरं करता."

मी म्हणालो की हे काही खरं – तेवढ्यात ती म्हणाली, "बघा." आणि हसली. मग रडवेली झाली. मी नातवंडांची चौकशी करून फोन ठेवला.

१५ एप्रिल

उरलेले दिवस तेवीस.

नोकरीत असताना एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कोणी बोलायचं नाही. फाइल कोणी मारावी लागत नाही. ती उचलली नाही की आपोआप मरते, आणि कुणाच्या हाताला काही लागत नाही. आताही मी नाही म्हणायची गरज नाही. अर्ज कपाटात आहे. मुदत आठ मेला संपते. अर्ज दोघांचा आहे. खोडलेलं रद्द करायचं तर त्यावर माझीही सही लागेल.

हिने त्यानंतर विषय काढलेला नाही. कपाट कुठलं तेही विचारलं नाही. मी पेपर वाचून दाखवतो, ती "हं" म्हणते. पूर्वीही "हं" म्हणायची. आता मी ते मोजतो.

१९ एप्रिल

दर रविवारी आखणीवर ताजी फक्की मारत होतो, वाऱ्याने पुसते म्हणून. हल्ली मारलेली नाही. आज पाहिलं तर रेघा पुन्हा पांढऱ्या. हिने मारलेल्या दिसतात. दक्षिणेची भिंत एका टोकाला चार इंच बाहेर गेली आहे.

दुरुस्त करायला फक्की घेऊन गेलो होतो. केली नाही.

२२ एप्रिल

आक्काला फोन केला. मोठी बहीण, सत्त्याहत्तर वर्षांची, भावजींना जाऊन बारा वर्षं झाली. वाटलं, आक्का हिला चार शब्द सुनावेल. सगळं सांगितलं.

"कितीशे फूट म्हणालास?"

"चारशे. पण आक्का, मुद्दा तो नाही."

"न्हाणी आतच?"

"आतच."

"आमच्या वेळी असा नियम नव्हता रे," आक्का म्हणाली.

२७ एप्रिल

उरलेले दिवस अकरा.

आज सकाळी ही घरात दिसेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर परसात आखणीच्या आत खुर्ची टाकून बसली होती. झाडाच्या बाजूला तोंड. हातात पुस्तक नाही, विणकाम नाही. नुसती बसलेली. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तशीच.

पेपरात प्रयोगशाळांबद्दल एक बातमी होती, तिच्या कामाची. सांगावी म्हणून घेऊन गेलो. बोलत बोलतच निघालो होतो. तिच्यापाशी पोचलो, तर ती न वळता म्हणाली, "भिंतीतून आलात तुम्ही."

मी खाली पाहिलं. चपलांना चुना लागला होता. मागे रेघ तुटली होती, माझ्याच पावलाएवढी.

मी हसलो. ती हसली नाही. रागावलेलीही नव्हती. प्रयोगशाळेत काचपट्टीवर काही दिसलं की जसं सांगत असेल, तसं सांगितलं.

चौतीस वर्षांत मी लोकांच्या हद्दी आखून दिल्या. आखलेल्या रेघेवर पाय देणाऱ्या माणसाला भर शेतात ओरडलो आहे. एकदा एका सरपंचालाही. म्हणून असेल, पण तिथे पुढे बोलवेना. आलो तसाच बाहेर निघालो, वळसा घालून झाडाच्या बाजूला गेलो आणि दाराच्या तीन फुटांपाशी थांबलो. आत जायला कोणी अडवत नव्हतं. दारच नव्हतं.

"या," ती म्हणाली.

गेलो. खुर्ची एकच होती, म्हणून उभा राहिलो. बातमी सांगितली नाही. झाडाकडे पाहिलं. लिंबावर पाच पिवळी लिंबं होती. थोड्या वेळाने दाराच्या वाटेने परत आलो.

३० एप्रिल

विचारायचे प्रश्न लिहून काढले. नऊ झाले. जेवण कुठे, आजारपणात काय, नातेवाइकांना काय सांगायचं, असे. दुपारी हिच्यासमोर कागद घेऊन बसलो आणि यादीत नसलेलाच विचारला.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही हो. चुकलं असतं तर सांगितलं असतं. चुकीचं सोपं असतं, ते दाखवता येतं."

"मग?"

"तुम्ही सतत असता."

मी कागद खाली ठेवला. ती बोलत राहिली, मी वाक्य पुरं केलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, मिटलं.

"प्रयोगशाळेत पेशी मोजताना कोणी बोलायचं नाही. मध्ये कोणी बोललं की आकडा हरवतो, पहिल्यापासून मोजावं लागतं. एकतीस वर्षं मला ती शांतता फुकट मिळाली, म्हणून कळलं नाही. घरी बसल्यापासून रोज सकाळी मी काहीतरी मनात मोजायला घेते आणि तुम्ही येता. डबा कुठे ठेवला, पेपरात काय आलं, दूध किती वर आलं. चांगलंच असतं सगळं. आठ वाजल्यापासून मी पहिल्यापासून मोजत असते."

"काय मोजतेस?"

"तेच तर," ती म्हणाली. "तिथवर पोचलेच नाही अजून."

मी विचारलं, पुढच्या खोलीला आतून कडी लावून घेतली तर? ती म्हणाली, न्हाणीला लावून पाहिली होती. मी दाराबाहेरून बोलत होतो म्हणे. धरणाचं.

यादीतले नऊ प्रश्न विचारले नाहीत.

४ मे

उरलेले दिवस चार. कपाट उघडलं, अर्ज काढला, परत ठेवला. असं दोनदा.

खरं ते लिहितो. ही वही कोणी वाचत नाही. अर्ज मेला तर ही इथेच राहील. भांडणार नाही, सोडून जाणार नाही, तिचा स्वभाव नाही तो. चहा करील, "हं" म्हणेल. माझ्या रोजच्या आयुष्यात तसूभर फरक पडणार नाही. आणि नेमकं तेच मला आता नीट बघवत नाही. तिचा "हं" ऐकू येण्याआधी ते बघता येत होतं.

६ मे

नगरपालिकेत गेलो. दोघेही. ही बसमध्ये खिडकीशी बसली, मी शेजारी. सगळी वाट मी काही बोललो नाही. अवघड गेलं. एका ठिकाणी रस्त्याचं काम सरळ चुकीचं चाललं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी पान पाहिलं. माझी रेघ, वर 'मुख्य', त्यावर आज मारलेली दुसरी रेघ, त्याच्यावर पुन्हा 'दुय्यम', बाजूला दोघांच्या सह्या.

"काय हो हे, काका? कोरा अर्ज घ्या, नवीन भरा."

"याच्यावर चालत असेल तर याच्यावरच घ्या," मी म्हणालो. नियमाने चालतं. मला माहीत होतं.

बाईंनी हिला विचारलं, "काकू, तुम्ही दुय्यममध्ये आणि हे मुख्यमध्ये, असंच ना? नक्की?"

मी उत्तर द्यायला श्वास घेतला होता. तो तसाच सोडला.

"असंच," ही म्हणाली.

बाईंनी शिक्का मारला. परत येताना आम्ही चौकातल्या उपाहारगृहात चहा घेतला. फार उकळलेला होता.

२१ जून

परवानगी आली. अटी नऊ, सगळ्या पाळण्याजोग्या. पहिली अट : मालकांपैकी किमान एकाने कायम जागेवर राहावे. आमच्याकडे दोघंही राहणार आहेत.

२ ऑगस्ट

जोत्यापर्यंत काम आलं. गवंडी विचारत होता, दक्षिणेच्या बाजूची चुन्याची रेघ नकाशाप्रमाणे नाही, चार इंच पुढे आहे, कुठली धरू? हद्दीपासून अंतर भरपूर आहे, क्षेत्रफळात आठ चौरस फुटांचाही फरक पडत नाही, पण चारशेची मर्यादा. मी उत्तरेची भिंत तेवढीच आत घ्यायला सांगितली.

"कर्ण जुळणार नाहीत, साहेब."

"नाही जुळणार," मी म्हणालो. "बाईंच्या रेघेवर बांधा."

३० सप्टेंबर

छप्पर झालं. लेक दोन दिवस येऊन गेली. ओट्यापाशी उभी राहिली, कमरेत वाकली, म्हणाली, "आई, माझी पाठ मोडेल इथे." ही म्हणाली, "मग इथे स्वयंपाक करू नकोस. तिकडे बाबा आहेत." सगळे हसले.

मी सध्या भात आणि वरण शिकतो आहे. डब्यांना चिठ्ठ्या होत्या म्हणून सोपं जातंय.

१४ नोव्हेंबर

आज ही मागे राहायला गेली. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, कपड्यांची पेटी, भांडी मोजकी. मी पलंगाचा एक पाय धरला, औषधवाल्यांनी दुसरा. त्यांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. या वेळी का ते कळलं.

संध्याकाळी ही इकडेच जेवायला होती. माझा भात जरा लागला होता. जेवून, आपलं ताट घासून, "येते" म्हणाली आणि मागच्या दाराने गेली. अठ्ठावीस पावलं आहेत.

१५ नोव्हेंबर

काही नाही. पेपर मनातच वाचला. लवकर संपतो.

१८ नोव्हेंबर

आज दुपारी मागे जायला निघालो. पेपरातलं एक कात्रण हातात घेतलं, ते टेबलावर परत ठेवलं. मग तिची जुनी शाल घेतली, द्यायला म्हणून. शाल तिने मुद्दाम इथे ठेवली असेल, असं वाटून तीही ठेवली. रिकाम्या हाताने गेलो. झाडाला वळसा घातला. दार लावलेलं होतं. वाजवलं.

"कोण?"

हिने मला हे आजवर कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती. नाव सांगणं विचित्र वाटलं.

"पुढच्या घरातला," मी म्हणालो.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"काही सांगायचं होतं?"

"नाही."

"काम होतं?"

"काम काही नाही."

कडी निघाली.

"मग या," ती म्हणाली.